दुसरं कडवं

‘नॉनस्टॉप धुमशान, भाग नऊ’.
किंमत पस्तीस. साकीनाक्याच्या गाळ्यात
रात्रभर कॉप्या निघायच्या.
कव्हरवर गॉगलवाली गोरी मुलगी,
कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतून कापलेली.
मागे चौदा गाण्यांची नावं.
माणसांचं एकही नाही.

छेडाशेठ म्हणायचे, ठेका थांबला की पब्लिक बसतं,
बसलं की जेवतं, जेवलं की घरी जातं.
म्हणून मी दुसरं कडवं कापायचो.
सगळ्याच गाण्यांचं.
न आलेलं पत्र त्यातच असायचं,
दाराची न लावलेली कडी,
आणि असलंच काहीबाही,
ज्यावर कंबर हलत नाही.
सुरुवातीला तर ब्लेडच होतं हातात.
टेपचे तुकडे शर्टाला चिकटून घरी यायचे,
बायको गॅलरीत उभं करून झटकायची.

परवा भांडुपला मेव्हण्याच्या मुलीची हळद.
डीजेनं नेमका भाग नऊ लावला,
इतक्या वर्षांनी, पेनड्राइव्हवरून.
मुखडा, धडाम्. मुखडा, धडाम्.
पोरं पिवळी, घामाघूम.

मागे पत्र्याच्या आडोशाला
केटररची बाई पुऱ्या तळत होती.
मुखडा संपला, ती थांबली नाही.
तिनं सरळ दुसरं कडवं धरलं,
ठेका सोडून, आपल्याच चालीत,
झाऱ्यावर पुरी निथळत,
एक शब्दही न गाळता.

मी रिकामी प्लेट घेऊन उभा.
किती वाढू, म्हणाली.
म्हटलं, कडवं होऊ द्या आधी.
‘कसलं कडवं?’
म्हणत तिनं पुढची पुरी तेलात सोडली.