टंच

हजेरीत माझं नाव सगळ्यात खाली,
प्रवेश उशिरा घेतला म्हणून पेनानं घुसडलेलं :
तुपे जयमाला हिंदुराव, बी. ए. भाग एक, राज्यशास्त्र.
"हजर" म्हणायच्या आधी जिभेवर "उन्नानु" येतं.
बावीस वर्षं वरंगलच्या एका गल्लीत काढली,
खाली गलाईचं दुकान, वर पोटमाळ्यावर आम्ही.

विट्याच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर वर्ग.
खिडकीखाली यंत्रमागांची खडखड,
तिच्यावर आवाज चढवून
शिरतोडे सर सार्वभौमत्व शिकवतात.
लाईट गेली की माग एकदम गप्प होतात
आणि सरांचं अर्धं वाक्य
भांडणातल्यासारखं उघडं पडतं.
मग ते स्वतःच ओशाळून हळू बोलतात.

परवा त्यांनी विचारलं, नागरिक कोण?
आफरीन मुल्लानं खडाखडा सांगितलं,
जन्मानं, वंशानं, नोंदणीनं, आणखी दोन प्रकार.
तिची आई खालच्या मागावर कांड्या भरते.
सर माझ्याकडं वळले, "तुम्ही सांगा, तुपेताई."

मी काय सांगणार.
वरंगलला पाणी आलं नाही की
गल्लीतल्या बाया नगरसेवकाकडं जायच्या.
मीही हंडा घेऊन मागं उभी.
तो यादीवरनं बोट फिरवायचा
आणि मान वर न करता
माझ्या मागच्या बाईला पुढं बोलवायचा.
माझं नाव गावच्या यादीत होतं,
गावच्या घराला कुलूप होतं.

निवडणूक आली की मात्र बस यायची.
झोपून यायची ट्रॅव्हल्स, काचेवर हात जोडलेला फोटो,
सोलापूरच्या अलीकडं जेवण,
भात नको म्हणणाऱ्याला गरम चपाती.
एवढ्या मायेनं मला कुणी माहेरीसुद्धा नेलं नाही.
सकाळी शाळेत रांग, बोटाला शाई,
चुलत सासूला दारातनंच नमस्कार,
दुपारी दोनला बस परत.
एका खेपेला उमेदवाराचं आडनावच विसरले.
कपबशी तेवढी ध्यानात होती.

ह्यांची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली,
कातडं राठ, शाई नीट धरायची नाही.
अधिकारी दोनदा घासून म्हणायचा,
"आधीच कुठं देऊन आलाय का?"
हे हसायचे. दुसरं काय करणार.

सोन्यातलं मला कळतं.
दगडावर रेघ ओढायची, थेंब सोडायचा,
उरते ती रेघ खरी.
सराफकट्ट्यावरचा केर धुऊन
आम्ही त्यातनं गुंजभर काढलेलं आहे.
कुणाचं तोंड बघून टंच वाढत नाही.

वर्गात मी एवढंच म्हणाले,
"सर, ज्याला पाण्यावरनं भांडता येतं, तो."
पोरं हसली. आफरीन वहीत काहीतरी खरडत राहिली.
सर खडू बोटांत फिरवत म्हणाले,
"परीक्षेत असं लिहू नका, गुण जातील."
जरा थांबून,
"वरंगलला पाणी किती वाजता यायचं?"
"रात्री साडेतीनला."
त्यांनी मान हलवली,
जसं काही ते त्यांना पाठच करायचं होतं.

आता कुलूप काढून मी इथंच राहते.
हे अजून तिकडंच, मूस आणि भट्टीपाशी.
आमच्या आळीच्या नळाला आठवड्यातनं दोनदा पाणी,
तेही करंगळीएवढं.
मंगळवारी ग्रामपंचायतीत गेले, भांडले.
आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.
ग्रामसेवक म्हणाले, अर्ज द्या.
दिला. पोच मागितली.
त्यांनी शिक्का शोधायला पाव तास लावला,
मी बाकड्यावर बसून राहिले.

रात्री ह्यांचा फोन, "बस कधी सोडणार म्हणतायत?"
म्हटलं, मला काय ठाऊक, मी आता बसमधली नाही.
पलीकडं भात्याचा आवाज येत राहिला.

पोच वहीत ठेवलीय, नागरिकत्वाच्या पाठापाशी.
शिक्का पुसट आहे, तारीख वाचता येते.
अजून थेंब सोडलेला नाही.