कडी

तिनं रुमालाची गाठ सोडली.
आधी सुक्या बोंबलांचा वास आला,
मग पुतळ्या. सोळा.
पंधरा गोल, आज्ञाधारक.
सोळावी वाकडी.

मी भिंग डोळ्याला लावलं
आणि फोर्टातल्या त्या पोटमाळ्यावरचा
पंखा बंद केला. उगाच.
सोनं काय उडून जाणार होतं?

क्रूस. त्याच्या चार कोनांत किल्ला, सिंह, सिंह, किल्ला.
मागे दोन खांब, खाली लाटा,
लिमाच्या टांकसाळीचं एक अक्षर.
सालाचे शेवटचे दोन आकडे
हातोड्याच्या घाईत बाहेरच राहिलेले.
चार एस्कुदो.
एकवीस वर्षं माझ्या ट्रेमधल्या एका खळग्यात
नुसती मखमल होती.

"कडी डाखलीय," मी म्हणालो, दलालाच्या आवाजात
(जो मलाही आवडत नाही),
"कडीनं किंमत निम्मी होते."

मनोरीची पास्कीन किणी. होडीला इंजिन हवं होतं.
म्हणाली, हिला आम्ही थोटी म्हणतो.
लग्नात नवरीच्या गळ्यात मधोमध हीच,
एरवी तांदळाच्या डब्यात.
पेरू देशाची आहे, मी सांगितलं.
ती हसली. पेरू तर आमच्या परसात आहेत.
मग काट्याकडे बघत:
"नाणं घ्या. कडी आमची."

झवेरी बाजारात, तिसऱ्या जिन्यावर,
निताई कर्मकारनं कानस चालवली.
ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली,
डॉक्टरकडे पोराला धरून उभं राहावं तशी.
नाणं भरलं तोळा आणि तेरा गुंजा.
कडी दीड.
तिनं ती तिथंच पुन्हा ओवली,
सात पुतळ्या इकडे, आठ तिकडे,
मधे रिकामी कडी,
आणि माळ गळ्यात घालून जिना उतरली.

कानशीखाली पडलं ते निताईनं फुंकलं नाही, झाडलं.
तरी काही गेलंच असेल मोरीत.
पहाटे सोनझारी येतील ब्रश आणि घमेली घेऊन,
गटाराचा गाळ उपसतील,
आणि त्यांच्या पाटीच्या तळाशी
कुठल्या डोंगराचं काय चमकतंय
हे त्यांना कुणी सांगणार नाही.

वहीत सगळे रकाने भरले.
वजन. टांकसाळ. साल: अर्धवट.
'दोष'पाशी पेन थांबलं.
अंगठ्याला अजून लागतेय
क्रुसाच्या वरची ती खरखर.
बायको विचारते, किती वेळ चोळत बसणार?
मी दिवा घालवतो.
अंधारात ती जास्त नीट सापडते.