सहा-दहाची बस

रजिस्ट्रार ऑफिस, खिडकी नंबर दोन.
एकोणतीस हिवाळे मी इथे निकाल छापते आहे.
माझी आई नदीपलीकडच्या कारखान्यात
बुटांचे तळवे शिवायची.
तिच्यासाठी कॉलेज म्हणजे टेकडीवरची लाल इमारत,
जिच्यासमोरून जायचं. आत नाही.

फेब्रुवारीत नव्या डीनबाई आल्या.
कोटावरचा बर्फ न झटकताच म्हणाल्या,
"डेल्फिन, सरासरी नको मला.
सरासरीत सगळेच सारखे उबदार असतात.
रसायनशास्त्रातून कोण गळतं, ते सांग."

मग मी तक्ता उसवला, आई शिवण उसवायची तसा,
टाक्याटाक्यानं.
नदीच्या अलीकडचे: शंभरातले एकाहत्तर पास.
पलीकडचे: अडतीस.
मी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायचं धाडस झालं नाही,
कारण हे आकडे मीच छापले होते,
दर वर्षी, वेगवेगळ्या पानांवर.

मीटिंगमध्ये कॉफी होती आणि कारणं होती.
पाया कच्चा, कुणी म्हणालं.
इंग्रजी कच्चं.
घरचं वातावरण, म्हणाले प्रोफेसर लिंडक्विस्ट,
आणि सगळ्यांनी माना हलवल्या,
जसं काही सगळे त्या घरात जेवून आले होते.

त्याच आठवड्यात उबाह वर्सामे खिडकीशी आली,
नाव काढून घ्यायचा फॉर्म मागायला.
आमच्या नोंदीत त्याला डब्ल्यू म्हणतात. माघार.
माघार हा लढाईतला शब्द.
ही पोरगी तर नुसती बसकडे धावत होती.

"प्रयोग साडेसहाला संपतो," ती म्हणाली,
"शेवटची बस सहा-दहाला.
थेंब थेंब सोडत बसते मी, आणि रंग बदलायच्या आत
उठावं लागतं.
सगळ्यांच्या वहीत गुलाबी लिहिलेलं असतं.
मी तो अजून पाहिलेला नाही."

फॉर्म माझ्या हातात होता.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, संपलेत,
उद्या ये.

प्रयोगशाळा दुपारी दोनवर आणायला
चार बैठका लागल्या.
"तीस वर्षं ती चारलाच आहे," लिंडक्विस्ट म्हणाले.
"हो ना," डीनबाई म्हणाल्या, "तीस वर्षं."
आणि पुढचा कागद उलटला.

पुढचा कागद कोरी पेल्कीचा होता.
लायब्ररीचा दंड, बेचाळीस डॉलर.
तेवढ्यासाठी त्याची गुणपत्रिका आम्ही अडवून धरली.
आम्ही नाही. मी. खाली सही माझी आहे.
दोन विषय राहिले होते त्याचे.
दंड माफ झाल्याचं पत्र मी स्वतः टाकलं.
ते परत आलं, पिवळी चिकटपट्टी लावून:
पत्ता बदलला.
दुसरंही आलं.
असे दोनशे सहा निघाले. एकशे तेराजण सापडले.
कोरी नाही.

या मे महिन्यात पलीकडचे एकोणसाठ.
स्थानिक पेपरनं फोटो छापला, केकही झाला.
मी केक खाल्ला, खोटं कशाला बोलू.
पण एकाहत्तरातून एकोणसाठ गेले की बारा उरतात,
आणि हे बारा कुठल्या बसला धावताहेत
ते मला अजून ठाऊक नाही.
सोमवारी पुन्हा उसवायला बसणार.

हो, एक राहिलं.
एप्रिलमध्ये एकदा सही हवी म्हणून प्रयोगशाळेत गेले होते.
बाहेर बर्फ वितळून नदी तपकिरी झालेली.
खिडकीपाशी उबाह, डोळ्यांवर तो मोठा चष्मा,
नळीची तोटी दोन बोटांत,
श्वाससुद्धा जपून.
एक थेंब. काही नाही.
एक थेंब. काही नाही.
मी दारातच थांबले.
घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं,
आणि कुणालाही कुठेही जायचं नव्हतं.