तपासणी

नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये एकवीस वर्षं
मी चूक शोधायचा पगार घेतला.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
कड दोन केसांनी तिरकी.
बोटांना आधी कळायचं, डोळे मागून पोचायचे.
बाद. बाद. ही चालेल. बाद.

भोंगा झाला की गेटवर झडती द्यायची,
कागदाचा कपटासुद्धा बाहेर न्यायचा नाही.
डोळे मात्र तसेच यायचे घरी,
बिटकोवरून शेअर रिक्षात, माझ्याबरोबर.
आरशासमोर पुन्हा कामाला लागायचे:
ओठाच्या कडेला कोड, मनगटावर कोड,
उजव्या हाताची तीन बोटं पार पांढरी.
रंग कमी पडला.
बाद.

शरणपूरच्या देवळात मी शेवटच्या बाकावर,
मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्या.
एका रविवारी पाळकसाहेबांनी शंभराची नोट काढली,
चुरगळली, बुटाखाली घेतली,
विचारलं, झाली का हिची किंमत कमी?
मंडळी म्हणाली, नाही!
मी गप्प.
साहेब, आमच्याकडे होते.
आमच्याकडे यंत्र आहे. वरून घालतात,
खाली भुसा पडतो.

मग केझियाबाई त्रिभुवनांचा खुबा मोडला
आणि शनिवारी निरोप आला:
उद्या प्रभुभोजन, भाकरीची कणीक तू मळ.
मी गेले ती नाही सांगायलाच.
म्हटलं, बाई, हे हात. लोक खातील?

त्यांनी चष्मा शोधला.
माझा हात खिडकीकडे वळवून उजेडात धरला,
थेट मी नोट धरायचे तसा.
मी वाट बघत राहिले त्या एका शब्दाची.
त्या म्हणाल्या, नखं काप.
आणि मीठ बेताचं घाल,
मागच्या खेपेला माझ्याच हातून जास्त पडलं होतं.

रिक्षात आठवलं,
नव्या पोरींना मीच शिकवायचे:
उजेडात धरा, ते डाग बघायला नाही,
आतलं पाण्याचं चित्र बघायला.
ते कागद होतानाच पडलेलं असतं,
शाई लागायच्या कितीतरी आधी.
छपाई चुकली तरी ते चुकत नाही.
एकवीस वर्षं शिकवलं हे.
घरी एकदाही वापरलं नाही.

पहाटे परात घेऊन बसले.
प्रभू, म्हटलं,
भोक पडलेली नोट आमच्याकडे पहिली बाद,
आणि तू तर उठल्यावर
तेच भोकाचे हात पुढे केलेस, ओळख म्हणून.
पुढचं काही सुचलं नाही.
पाणी जरा जास्त झालं, मूठभर पीठ घातलं.

आरसा अजून बोलतो. परवाच बोलला,
लग्नाला निघताना, नव्या साडीत.
मीही थोडं ऐकलं त्याचं.

पण त्या पहाटे कणीक लागू नये म्हणून
बाह्या वर केल्या होत्या कोपरापर्यंत,
त्या खाली घ्यायच्या राहून गेल्या,
आणि तशीच उपासनेला गेले,
तिसऱ्या बाकावर जागा होती तिथे.