खवल्याचं पाणी

उणे वीसच्या फ्रीजरमध्ये चार नळ्या,
चार रंगांची झाकणं.
हिरव्या झाकणाखाली ग्वानीन.
सायटोसीनला ते तीन ठिकाणी धरतं,
ॲडेनीन-थायमीनचं दोनांवर भागतं.
आरएनएत थायमीनच्या जागी युरॅसिल येतं,
कामापुरतं, आमच्या व्हिसासारखं.
ग्वानीन दोन्हीकडे हजर.

मुहर्रकच्या मासळीबाजारात
दाभोळचा याकूब मुकादम बोय खवलतो.
बोयीला इथं बियाह म्हणतात,
आणि दर शुक्रवारी तो तोच विनोद करतो,
"बाप बियाह खवलतो, म्हणून लेकीचा बियाह होतो."
सुरीमागून चांदी उडते,
गल्ल्यावर, भुवयांवर, माझ्या घड्याळाच्या काचेवर.

ही चांदी म्हणजे तेच. हिरव्या झाकणातलं.
माशाच्या कातडीत ग्वानीनचे पातळ पापुद्रे
एकावर एक रचलेले,
उजेड त्यांच्यावरून घसरतो.
मी त्याला सांगितलं होतं एकदा.
"म्हंजी माज्या आंगातबी चांदी?"
आहे. पण चमकत नाही. वाचली जाते.

आज तो स्टुलावर बसून होता,
उजव्या पायातली चप्पल काढून.
अंगठा सुजलेला, लालबुंद,
फडकं टेकलं तरी ओरडेल असा.
रिपोर्ट मीच छापला होता: यूरिक ॲसिड नऊ पूर्णांक चार.
पेशी मोडतात, ग्वानीन सुटं होतं,
शरीर ते जाळतं, आणि जी राख लघवीतून जात नाही
ती सांध्यात सुयांसारखी बसते.
"तारली बंद, बोय बंद," मी म्हटलं.
"मंग बाजार पन बंद करू?"

मग खिशातून कागदाची पुडी.
लेकीसाठी माळ. आठ दिनार.
याच किनाऱ्यावर माणसं नाकाला चिमटा लावून
मोत्यांसाठी बुडी मारायची,
इथं आठ दिनारात शिंपलासुद्धा उघडत नाही.
मी एक मणी दातावर घासला.
खरा मोती खरखरतो.
हा गुळगुळीत. काच,
वर माशाच्या खवल्याचं पाणी चढवलेलं.

खऱ्या मोत्यात ग्वानीन नसतं, नुसता चुना.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,
"ठावूक हाय. मी पन घासून बगितला.
तिला नको सांगू."

रात्रपाळीला फ्रीजर उघडला.
हिरवी नळी बोटांत धरली,
तर मनगटावर काहीतरी लकाकलं.
काचेला चिकटलेलं एक खवलं,
दिवसभर वेळ झाकून बसलेलं,
अकराच्या आकड्यावर.
नखानं काढलं नाही.