वाव

हनुवटी इथे टेकवा. कपाळ पट्टीला.
लाल ठिपक्याकडे बघा, पापणी नको —
दिवसातून चाळीसदा म्हणते मी हे
रत्नागिरीत, दुसऱ्या मजल्यावर.
खालून बर्फाचा ट्रक मिरकरवाड्याकडे वळला
की यंत्र जरासं थरथरतं
आणि मला पुन्हा मापावं लागतं.

आज पूर्णगडची हेमांगी डोर्लेकर. वय बावीस.
उणे साडेपाच, उणे सहा.
दोन आठवडे लेन्स घातली नाही,
विचारायच्या आधीच सांगते.
सागरी पोलिसांची भरती तोंडावर,
धावण्यात पहिली येईन, चष्म्याचं तेवढं बघा.

तिच्या बुबुळावर काळी-पांढरी वर्तुळं पडतात,
डबक्यात खडा टाकावा
आणि पाणी तिथेच थिजावं, तशी.
यंत्र एकेका वर्तुळाची कड चाचपत जातं,
हजारो जागी टेकून बघतं,
आणि पडद्यावर नकाशा उमटतो:
हिरवा, हिरवा, पिवळा,
खालच्या अंगाला, कानाच्या बाजूने
एक नारिंगी फुगवटा.

मी काही बोलत नाही.
बोलायचं नसतं. ते डॉक्टरांचं.

पण मागे तिचे वडील उभे, तांडेल,
सदऱ्याला डिझेलचा वास.
वाकतात, काचेला बोट न लावता दाखवतात:
"हितं पानी कमी हाय."

मग सांगत बसतात.
मुचकुंदीच्या तोंडाशी त्यांचा आजा
शिशाच्या बुडाला मेण फासून दोरी सोडायचा.
वाव मोजायचा, वर मेणाला काय चिकटलं तेही बघायचा:
रेती, चिखल, की शिंपल्यांचा चुरा.
नुसत्या आकड्यावर त्याने कधी होडी घातली नाही.

आकडा आला. चारशे अडुसष्ट मायक्रॉन.

आत डॉक्टर हळू बोलतात.
पडदा पातळ, आकार संशयाचा, लेझर नको.
हेमांगी विचारते,
"थोडासुद्धा वाव नाही?"
तांडेल खिडकीबाहेर बघतात. मग म्हणतात,
"सा म्हयन्यांनी परत मापाल ना? रेती सरकते."
सरकते, डॉक्टर म्हणतात.
कुठल्या बाजूला ते सांगत नाहीत.
मला माहीत आहे.

जाताना त्यांनी नकाशाची प्रत मागितली.
घडी घालून ठेवली प्लॅस्टिकच्या पिशवीत,
होडीचं लायसन आणि डिझेलच्या पासबुकामध्ये.
तिने चष्मा चढवला, जिना उतरली,
एक पायरी चुकली, सावरली.

हनुवटीच्या पट्टीवर ओल होती.
स्पिरिटने पुसली,
पुढचं नाव पुकारलं.