पिवळा ट्रे

रिपोर्टात एक ओळ इंग्रजीत,
तिच्याखाली शिक्का कन्नडात,
आणि सिस्टरनं मराठीत सांगितलं, आवाज उतरवून :
"पेशी जरा वेगळ्या दिसल्यात बाई.
गुरुवारी परत या, दुर्बिणीतून बघूया."
तीन भाषांतून आला तो शब्द
आणि एकीतही मला त्याचं तोंड दिसलं नाही.

उद्यमबागेत मी बुश तपासते.
सोळा वर्षं झाली. दिवसाला सातशे-आठशे.
गेज सरळ गेला की हिरवा ट्रे,
अडला तर लाल,
आणि जिथं बोटाला काहीतरी लागतं
पण डोळ्याला दिसत नाही,
तो पिवळा.

काल रात्री भरमा झोपल्यावर
मोबाइलचा उजेड कमी करून वाचत बसले.
प्रत्येक पानाच्या तळाशी तोच रोग उभा,
वसुलीला आल्यासारखा, चप्पल न काढता.
मग समीक्षाच्या लग्नाचा हिशेब मांडला,
तिची दहावी अजून व्हायचीय.
कपाटातल्या साड्या कुणाकुणाला, तेही ठरवलं.
हिरवी इरकल नणंदेला द्यायची नाही,
यावर मात्र मी ठाम राहिले.
पहाटे माझं मलाच हसू आलं,
हसताना ओटीपोटात काही हललं,
तर पुन्हा भ्यायले.

जेवणाच्या सुट्टीत कस्तुरीला सांगितलं.
तिनं कडक भाकरी मोडली,
अर्धी माझ्या डब्यात ठेवली,
म्हणाली, "अंजब्याड."
मग तिच्या मोडक्या मराठीत :
"माझं पण तसंच आलतं. दोन वर्ष झालं.
परत बघितलं, थोडं काढलं, आता चेक फक्त."
आठ वर्षं शेजारी बसतो आम्ही.
पाट्यांवरून गाव तापलं त्या दिवशीसुद्धा
एकाच रिक्षातून घरी गेलो.
हे तिनं कधी सांगितलं नव्हतं,
मी कधी विचारलं नव्हतं.
आपण नुसतं "खालचं" म्हणतो,
जणू तिथं दुसरंच कुणी राहतं.

दुपारी पिवळा ट्रे पुढ्यात ओढला.
लोखंडाची नि बाईची तुलना मला करायची नाही.
बुशला गुरुवार ठाऊक नसतो.
पण हात आपल्या सवयीनं बोलत राहिले :
पिवळा म्हणजे लाल नव्हे,
पिवळा म्हणजे परत बघायचंय.
बऱ्याच तुकड्यांवर नुसता तेलाचा डाग,
काहींना बारीक धार, घासली की जाते,
आणि एखादा...
त्या एकासाठीच तर हे टेबल मांडलंय.

तिसऱ्या गेटाजवळ बस तुंबली.
कस्तुरी माझ्या खांद्यावर पेंगत होती.
आज मंगळवार.
उद्या भरमाला सांगेन.
तो काही बोलणार नाही, पुसलेलीच गाडी पुसत बसेल,
म्हणून फडकं आधीच हातात देईन.
इरकल नेसून जायचं मनात होतं,
पण सिस्टर म्हणाली, सोपं पडेल, ड्रेस घालून या.
बरं.
इरकल मग शुक्रवारी.